काचपिल्लांचा खटला

ब्रिस्टलच्या दिवाणी कोर्टात मी पुकारा करते.
नावं पुकारायची, दार धरायचं, पाण्याचे जग भरायचे.
एकवीस वर्षं.
त्या दिवशी पुकारलं, ट्रॉटमन विरुद्ध क्लटरबक,
तर दोघंही एकाच बाकावरून उठले,
सवयीने.

सेव्हर्नला मार्चचं उधाण येतं
तेव्हा वामीची पिल्लं समुद्रातून वर चढतात.
बोटभर, काचेची,
अंगात काळा दोरा ओवल्यासारखी.
धरायला परवाना लागतो. कंदील, जाळं, नोंदवही.
परवान्याबाहेरची वाट म्हणजे
ओल्या टॉवेलखाली सूटकेस, विमान, हाँगकाँग.

रॉयस्टन ट्रॉटमनने चाळीस हजार पौंड मोजले
बिस्किटांच्या डब्यांतून.
डेन्झिल क्लटरबकने टाळी दिली.
कागद नाही. कागद कसला करणार?
मग डेन्झिल नदीकडे फिरकलाच नाही.
त्याने घराचं छप्पर नवं केलं,
आणि बायकोसाठी कॅराव्हॅन घेतली. हिरवी.

चोरावर मोर!

त्याचा बॅरिस्टर सर्दीने बेजार, पण मुद्दा कोरडा ठणठणीत:
"करारच बेकायदा. माझ्या अशिलाने
बेकायदा काम करायचं कबूल केलं होतं.
ते त्याने केलं नाही."
(मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. मी डोळे वटारले.)
"मळलेल्या हातांनी आलेल्याला कोर्टाने का हात द्यावा?"
आणि डेन्झिल मान डोलावत होता,
रविवारी प्रवचन ऐकावं तसा.

जज बाईंनी चष्मा काढला.
"नफा? तो विसरा, मिस्टर ट्रॉटमन.
जे घडूच नये त्याचा नफा इथे मोजत नाहीत.
राहिलं मुद्दल.
पूर्वी माझ्या जागी बसणारे कानांवर हात ठेवायचे,
पैसा पडला तिथेच राहायचा.
आता तराजू धरावा लागतो.
कायदा केला नदीसाठी.
एक पिल्लू मेलं नाही. एक जाळं भिजलं नाही.
पैसे क्लटरबककडेच राहिले, तर नदीला काय मिळतं?
एक हिरवी कॅराव्हॅन."

चाळीस हजार परत.
आणि दोघांची नावं एकाच लिफाफ्यात
मत्स्य खात्याकडे.

एवढ्यावर उठल्या असत्या तर बरं झालं असतं.
पण फसवणुकीचाही मुद्दा होता, तोही उरकला:
"फसवून झालेला करार मेलेला नसतो.
फसलेला माणूस 'नको' म्हणेपर्यंत तो चालतो.
कळूनही गप्प बसलात, नांदत राहिलात,
तर तीच तुमची सही."

मी दाराशी उभी होते. दार धरून.

मर्विन लग्नाआधी म्हणाला होता, घर माझं आहे.
तिसऱ्या वर्षी त्याच्या रेनकोटच्या खिशात पत्र सापडलं.
घर भावाचं. हप्ते मात्र माझ्या पगारातून.
मी पत्राची घडी तशीच घातली, खिशात ठेवली,
बटाटे सोलायला बसले.
सव्वीस वर्षं झाली.
बटाटे किती, ते मोजले नाहीत.

बाहेर ट्रॉटमनची बस चुकलेली.
डेन्झिलने व्हॅनचं दार आतून ढकललं.
"पेट्रोल निम्मं."
"निम्मं."
टाळी दिली.
हा करार कुठल्याही कोर्टात टिकला असता.

घरी मर्विनने विचारलं, आज काय?
म्हटलं, वामीची पिल्लं.
तो खुलला. आई करायची, म्हणाला,
बेकनच्या चरबीत परतून, वरून अंडं फोडून.
तव्यात पडली रे पडली की पांढरी.
मग त्यांच्यातून पलीकडचं काही दिसायचं नाही.

मी म्हटलं, हो.
रेनकोट दारामागे होता.
बाहेर पाऊस नव्हता, तरी मी तो काढला,
झटकला,
आणि या वेळी खुंटीवर परत लावला नाही.